अंकुरचा आकडा

मानपुर
२० मे २०२५

अनु बाळा,

आशीर्वाद देते, पण आज अर्धेच. उरलेले तुझं उत्तर वाचून देईन.

काल हृषीकेश इंदूरहून दुकानाचा माल घेऊन आला आणि जेवताना सहज बोलून गेला, की अनु तुकोगंजात सट्ट्याच्या कंपनीत कामाला आहे. माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, अरे, माझ्या भावाची पोरगी ती, स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, असं कसं होईल? तर म्हणतो, आई, लोक खेळाडूंवर पैसे लावतात ना, त्याचे आकडे ती काढते. तुझे बाबा असते तर त्यांनी तुला समोर उभं करून विचारलं असतं. ते नाहीत, म्हणून आत्या विचारते. काय खरं, काय खोटं, ते लिही.

फोन मात्र करू नकोस. मला त्यातून नुसती घुरघुर ऐकू येते, आणि सूनबाईला मधे बसवून बोलायचं म्हणजे सगळ्या मानपुरात दवंडी. चिठ्ठी लिही आणि बसवाल्या भियाच्या हाती दे. तो डबा नेतो तशी चिठ्ठीही आणेल.

डब्यात कैरीचं लोणचं आहे. इकडे सगळे ठीक. अंकुर बंगलोरलाच आहे. मोबाईलवर लढाई खेळल्याचा पगार मिळतो, यावर आजीचा अजून पुरता विश्वास नाही, आणि त्याच्या बापाचा तर मुळीच नाही. अंकुरचा करार ऑगस्टपर्यंतचा आहे. तेव्हा पक्क्या टीममध्ये नाव आलं तर ठीक, नाहीतर परत ये आणि स्पेअर पार्ट्सच्या दुकानावर बस, असं हृषीकेशने ठणकावून सांगितलंय. त्या दिवसापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. माझा जीव त्यात अडकलाय बघ.

तुझी,
इंदुआत्या

—

सुदामा नगर, इंदूर
२५ मे २०२५

आत्या,

नमस्कार पूर्ण करते, तुझ्यासारखी काटछाट नाही करत. लोणचं एकदम सही.

हृषीदादा खोटं नाही बोलला, पण सगळं पण नाही बोलला. मी सट्टा लावत नाही. मी अंदाज काढते. मतलब कसं, तुला तुझ्याच मानपुरच्या घाटाचं उदाहरण देते. तुमच्या गॅरेजवर काकांसमोर ड्रायव्हर लोक पैज लावायचे ना, आज घाटात किती ट्रक गरम होऊन थांबतील? कोणी म्हणायचं बारा, कोणी वीस. आणि काका गप्प बसायचे, कारण त्यांना माहीत असायचं ऊन किती आहे, बाजारचा दिवस आहे का, ट्रकांत सिमेंट आहे की कापूस. ते सगळं जोडून त्यांच्या डोक्यात एक आकडा तयार असायचा. माझं काम तेच आहे. फक्त ट्रकांच्या जागी खेळाडू, आणि डोक्याच्या जागी कॉम्प्युटर.

परदेशातल्या साईटी असतात. त्या म्हणतात, हा खेळाडू आज समोरच्या टीमचे साडेआठ जण बाद करेल. लोकांनी सांगायचं, जास्त की कमी. आम्ही त्या खेळाडूच्या मागच्या सगळ्या मॅच बघतो, समोर कोण आहे, कुठला नकाशा आहे, तो पुढे लढतो की मागून साथ देतो, आणि सांगतो की आमच्या हिशोबाने नऊ-साडेनऊ होतील. आमचा अंदाज पण चुकतो बरं का. पण शंभरातून थोडा कमी चुकला, की कंपनी चालते. चांगलं काम आहे का? मला स्वतःला रोज नाही पटत. गणित आवडतं, त्याच्या पुढचं नाही आवडत. पण गणिताला इंदुरात दुसरीकडे कोणी एवढं विचारत नाही.

आता एक मजा सांगते. आमच्या आकड्यांच्या शीटमध्ये खेळाडूंची खरी नावं नसतात, खेळातली नावं असतात. त्यात एक आहे ‘घाटवाला’. दिवाळीत अंकुरनेच मला सांगितलं होतं की हे नाव त्याचं. तर आत्या, तुझा नातू माझ्या शीटमध्ये आहे. पोरगा भारी खेळतो, त्याचा आकडा महिन्या-महिन्याला वर चाललाय. फक्त मधेच एखादा दिवस असा येतो की एकदम खड्ड्यात. नऊच्या जागी तीन. का ते कळत नाही. पण नवीन आहे, होतं असं.

उरलेले आशीर्वाद पाठव.

अनु

—

मानपुर
२९ मे २०२५

अनु,

बरं, घे उरलेले. घाटाचं समजलं. साडेआठ मात्र नाही समजलं. अर्धा माणूस बाद कसा होतो? तुम्ही शिकलेले लोक.

पण बाळा, तू हे काय लिहिलंस? पोराचा आकडा तुझ्या हातात आहे आणि तू नऊवर थांबतेस? वाढव ना. बारा कर, पंधरा कर. घरचंच माणूस कमी म्हणालं तर पोराला जोर कुठून येणार? हृषीकेश दहावीला होता तेव्हा त्याचे मास्तर म्हणायचे, हा काठावर पास होईल, आणि तो काठावरच पास झाला. मी आजपर्यंत त्या मास्तरांना माफ केलेलं नाही.

आणि खड्ड्यात का जातो, ते मी सांगते. नजर लागते. एवढे लोक बघतात, पैसे लावतात, त्यातला एखादा तरी वाईट डोळ्याचा असणारच. पण तू काळजी करू नकोस. अंकुरसाठी मी जे करायचं ते केलेलं आहे. त्यालाही सांगून ठेवलंय आणि तो ते नीट पाळतो. काय ते विचारू नकोस, अशी गोष्ट बोलून दाखवायची नसते. फळ आलं की कळेलच तुला.

डबा मिळाला. त्यातली शेव सूनबाईने चहाबरोबर एका बैठकीत संपवली.

आत्या

—

सुदामा नगर
१८ जून २०२५

ती. आत्या,

ही चिठ्ठी एकटी असताना वाच.

गेल्या शनिवारी अंकुरची मॅच होती. समोरची टीम कमजोर होती. माझा अंदाज दहाचा होता. तो दोनवर थांबला. मी मग मागचं सगळं काढून बसले. त्याचे खड्डे चार आहेत: १७ मार्च, १६ एप्रिल, १६ मे, १४ जून. आत्या, मधल्या सगळ्या मॅचमध्ये पोरगा ठीक आहे. महिन्यातून एकदाच पडतो, आणि असा पडतो की हात दुसऱ्याचेच असावेत. एकदा झालं असतं तर मी म्हटलं असतं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. चार वेळा त्याच फांदीवर कावळा बसत नाही. मी वार बघितले, जुळत नाहीत. पगाराचा दिवस बघितला, नाही. प्रवास, समोरची टीम, खेळातले बदल, सगळं बघितलं. काही नाही.

आमच्या धंद्यात असं दिसलं की एक गोष्ट पहिली मनात येते. तुला सरळ लिहायला हात धजत नाही. बंगलोरमध्ये त्याचे कोणी नवीन दोस्त आहेत का? कोणी त्याला काही देतं का, मोबाईल, बूट, काहीपण? आणि तू लिहिलं होतंस ना, त्याला काहीतरी सांगून ठेवलंय आणि ती गोष्ट बोलायची नसते, ते काय आहे? माझी शपथ, मला सांग.

आमचे भूषण सर म्हणतात, असा खेळाडू दिसला की महिन्याच्या शेवटी स्पर्धा चालवणाऱ्या लीगला कळवायचं. कंपनीचा नियमच आहे. कळवलं की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत पोरगा बाहेर. ऑगस्ट हातातून जाईल. म्हणून आधी तुला विचारते.

अनु

—

मानपुर
२० जून २०२५

अनुश्रीस,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? तुला म्हणायचंय की माझा नातू पैसे खाऊन मुद्दाम हरतो, आणि त्याची आजी त्यात सामील आहे.

ज्या पोराने लहानपणी दुकानातून एक बोल्ट न विचारता उचलला नाही, त्याला तू चोर ठरवलंस. तेही कॉम्प्युटरला विचारून. तारखा-बिरखा मी वाचल्या नाहीत, आणि वाचणारही नाही. तुला कळवायचं तिथे खुशाल कळव.

रिकामा डबा परत पाठवायची आपल्यात रीत नाही. तरी पाठवते आहे.

इंदुमती

—

सुदामा नगर
२७ जून २०२५

ती. आत्या,

डबा मिळाला. बसवाल्या भियाने पण दोनदा हलवून बघितला, म्हणाला, दीदी, इसमें तो कुछ है नहीं. मी स्टँडवरच रडले. त्याने बिचाऱ्याने चहा पाजला.

मी प्रश्न मागे घेत नाही, आत्या. खोटं लिहून तुला खूश करता येईल, पण अंकुरचं त्याने काही भलं होणार नाही. विचारायची पद्धत मात्र चुकली. आडून आडून विचारलं, म्हणून ते जास्त लागलं तुला. त्याबद्दल माफ कर.

आज भूषण सरांना सांगून टाकलं की ‘घाटवाला’ माझा भाचा आहे. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, तोही नियम आहे. सांगितलं नाही, कारण त्याचा आकडा वर जाताना बघायला मला आवडायचं. सर चिडले, पण नोकरी राहिली. अंकुरचं काम आता माझ्याकडून काढून माझ्या शेजारी बसणाऱ्या रुचीला दिलंय. तिने रिपोर्ट लिहायला पंधरा दिवस मागून घेतलेत. एवढंच माझ्याच्याने झालं.

तू बोलली नाहीस तरी मी लिहीत राहीन. डब्यात गुळपापडी आहे, मी केली, थोडी कडक झाली.

अनु

—

मानपुर
२ जुलै २०२५

अनु, माझ्या बाळा,

काल महिना बदलला म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं पान उलटलं. नवं पान लागलं की पहिलं काम माझं एकच, संकष्टी शोधून तिच्याभोवती लाल पेन्सिलने गोल करायचा. जुलैची चौदाला आहे. गोल केला आणि तुझी ती चिठ्ठी आठवली. चिठ्ठी फाडली नव्हती, डाळीच्या डब्याखाली ठेवली होती. ती काढली आणि मागची पानं उलटत गेले. १४ जून, संकष्टी. १६ मे, संकष्टी. एप्रिलची, मार्चची, सगळ्या.

आता ऐक. न बोलायची गोष्ट आज बोलते. फेब्रुवारीत अंकुर निघाला, तेव्हा मी इंदूरच्या खजराण्याच्या गणपतीला नवस केला, की पोराचं नाव पक्क्या टीममध्ये येऊ दे, तोवर तो दर संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत उपास करील. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून त्याला सांगितलं, कोणाला बोलायचं नाही, बापाला तर नाहीच. आणि दर महिन्याला मीच त्याला आठवण करून देत होते. सूनबाईच्या फोनवरून मेसेज करायचे, ‘बाळा, उद्या आहे.’

मी समजत होते, उपास म्हणजे आपल्याकडे असतो तसा. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, केळं, दाण्याची आमटी. आपल्या उपासाला माणूस रोजच्यापेक्षा ज्यादाच जेवतो. काल सूनबाईला त्याला फोन लावायला सांगितलं. म्हणे, आजी, इथे साबुदाणा कोण देणार? मेसमध्ये मागितला तर सगळे विचारतील आणि बोलायचं तर नाही. म्हणून मी पाणी पितो आणि काळी कॉफी पितो. चंद्र रात्री साडेनऊ-दहाला, आणि मॅच संध्याकाळी सहाला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, वरून ती कडू कॉफी, आणि त्या हातांनी माझं पोर लढत होतं. हात थरथरतात म्हणाला. मी तेव्हाच त्याला सांगायला लावलं, आता उपास नाही, जेवायचं.

आधी पोटोबा मग विठोबा, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले. त्याचा करार टिकावा म्हणून मी नवस केला आणि त्या नवसानेच करार घालवायला निघाले. आणि तू विचारलंस, तर तुलाच रिकामा डबा पाठवला. मला फार वाईट वाटतं, अनु.

तुझ्या साहेबांना हे दाखव. माझ्या हातचं अक्षर आहे, म्हणावं. चौकशी करायची तर म्हातारीची करा.

डब्यात पुरणपोळ्या आहेत. तुपाची वाटी वेगळी बांधलीय, सांडली तर बसवाल्याला बोल.

तुझी आत्या

—

सुदामा नगर
१७ जुलै २०२५

माझी आत्या,

उशीर झाला, पण पूर्ण बातमी घेऊनच लिहायचं होतं. पुरणपोळ्या ऑफिसात नेल्या. रुची तिच्या वाट्याच्या तीन खाऊन म्हणाली, आता मी निष्पक्ष राहिले नाही.

तरी ती राहिली. तिने नुसतं माझं ऐकून मानलं नाही, स्वतः पंचांग घेऊन बसली आणि एकेक मॅच तपासली. मग भूषण सरांनी अंकुरच्या टीमच्या मॅनेजरला फोन केला. त्याने मेसवाल्याला विचारलं. मेसवाला म्हणाला, हो, हा पोरगा महिन्यातून एक दिवस जेवायला येत नाही, मला वाटायचं घरची आठवण येत असेल. रिपोर्ट गेला नाही. फाईल बंद. अंकुरवर काही डाग नाही, आत्या.

आणि मला बघ. वार बघितले, तारखा बघितल्या, पगाराचे दिवस बघितले. तिथी नाही बघितली. माझ्या स्वयंपाकघरात पण तेच कॅलेंडर आहे. आई होती तोपर्यंत घरात संकष्टी असायची, आता मला दूधवाल्याची खूण करायला ते लागतं. कॉम्प्युटरला दोष कसा देऊ? मीच त्याला सांगितलं नव्हतं की आपल्या लोकांचा महिना चंद्रावर पण चालतो.

भूषण सर एवढे खूश झाले की म्हणाले, तिथीचा कॉलम कायमचा टाकूया, अजून किती खेळाडू उपास करत असतील. मी म्हटलं, सर, मग परदेशातले लोक पोरांच्या उपासावर पैसे लावतील. माझ्या घरची गोष्ट मी विकणार नाही, आणि दुसऱ्यांच्या घरची पण नाही. सर म्हणाले, राहू दे. मला ते आवडलं. पण आत्या, त्या दिवसापासून मी दुसरं काम बघायला लागले आहे. काही टीम आता खेळाडूंची झोप, जेवण, थकवा सांभाळायला माणसं ठेवतात. गणित हेच, पण खेळाडूच्या बाजूने.

आता कठीण गोष्ट. १४ तारखेला तो परत पडला. मी फोन केला. त्याने परत पाण्यावर काढला, आत्या. मी म्हटलं, अरे, आजीने स्वतः सांगितलं ना जेवायला? तर म्हणतो, अनुआत्या, नवस मधे सोडला आणि आजीला काही झालं तर? गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती तेव्हा मी देवाला काय काय कबूल केलंय ते माझं मला माहीत. करार गेला तर दुकान आहे. आजी दुसरी नाही.

१२ ऑगस्टला त्यांची शेवटची मॅच आहे. ती बघून पक्की टीम ठरणार आहे. मी कॅलेंडर बघितलं. १२ ऑगस्ट मंगळवार आहे. अंगारकी.

अनु

—

मानपुर
२२ जुलै २०२५

अनु,

वेडं आहे ते पोर. माझ्यासाठी उपाशी राहतंय, आणि मी त्याच्यासाठी त्याला उपाशी ठेवत होते. असा व्यवहार कोणी कोणाशी केला नसेल.

पुढच्या बुधवारी मी सकाळच्या बसने येते. स्कूटर तयार ठेव आणि हळू चालव. खजराण्याला जायचंय. गणपतीला समोर उभं राहून सांगणार आहे, नवस मी बोलले होते, पोराला न विचारता. आता त्याचा उपास त्याला परत दे आणि मला दे. देवाला अशी अदलाबदल चालते की नाही, ते तिथल्या गुरुजींना विचारू. नाही म्हणाले तर दुसऱ्या गुरुजींना विचारू.

हृषीकेशलाही मी सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, आई, उपाशीपोटी दोन बाद केले त्याने? म्हटलं, हो. तर म्हणतो, मग वाईट नाही खेळत. आणि उठून गोदामात गेला.

आत्या

—

सुदामा नगर
८ ऑगस्ट २०२५

आत्या,

तू गेल्यावर घर रिकामं रिकामं वाटलं. गुरुजी हसले ते तुला आवडलं नव्हतं, पण म्हणाले तर ना, आजीने घेतला तर पोराच्या डोक्यावरून उतरला, देवाला माणूस कळतो. हे तू अंकुरला स्वतःच्या हाताने लिहिलंस, ते बरं केलंस. मी शंभर वेळा सांगून पण पटलं नसतं. काल त्याने मला तुझ्या पत्राचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘अनुआत्या, आजी खरंच करेल?’ मी लिहिलं, ती करते म्हणाली की करते. मंगळवारी तो जेवतो की नाही, हे मला अजून माहीत नाही.

तू मात्र पाण्यावर राहायचं नाही. खिचडी, केळी, दूध, सगळं खायचं. गुरुजींना विचारलंय मी, तुझ्या पाठीमागे. तुझ्या डॉक्टरांना पण.

अंकुरची शीट माझ्या कॉम्प्युटरवरून बंद आहे. रुचीला विचारलं तर ती सांगत नाही, आणि बरोबरच करते. आत्या, चार वर्षं झाली, मी मॅच बघायला बसते तेव्हा मला आधीच माहीत असतं साधारण किती होणार. मंगळवारी मला काहीच माहीत नसेल. तुम्ही लोक असंच बघता का नेहमी? कसं सहन करता?

अनु

—

मानपुर
१५ ऑगस्ट २०२५

अनु बाळा,

नाव आलं. आधी ते लिहून टाकते, मग बाकीचं. काल दुपारी कळलं. पक्क्या टीममध्ये, पुढच्या दोन वर्षांसाठी. तुला अंकुरने सांगितलंच असेल, पण माझ्याकडून ऐकायचं राहिलं होतं ना.

आता मंगळवारचं सांगते. हृषीकेशने संध्याकाळी अर्धं शटर ओढलं आणि घरी येऊन टीव्हीवर मॅच लावली. मोठ्या टीव्हीवर, सगळ्यांसमोर. मला आपला कोण, त्यांचा कोण, काही कळेना. नुसती धावपळ आणि धूर. पण हृषीकेश शेजारी बसून बोटाने दाखवत होता, आई, तो बघ, निळी टोपी, तो आपला. एवढे महिने ज्या खेळाला शिव्या घातल्या, तो खेळ ह्याला कधी समजला, कोण जाणे. गोदामात चोरून बघत होता, असं सूनबाई म्हणते.

पोराने अकरा केले, अनु. तरी टीम हरली, अगदी थोडक्यात. हृषीकेश डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, हरले म्हणजे आता नाव येणार नाही का? तर म्हणाला, माहीत नाही, आई. तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, पण जेवला होता का तो? ते तरी कोणाला माहीत होतं.

मी चंद्राची वाट बघायला अंगणात गेले. खिचडी खाल्ली होती दुपारी, खोटं नाही सांगत, पण अंगारकी ती अंगारकी, चंद्र बघितल्याशिवाय ताट नाही. आणि आभाळ पाहिलंस ना या दिवसांत? सगळं भरलेलं. घाटाच्या बाजूने ढगांवर ढग. वेळ उलटून गेली, चंद्राचा पत्ता नाही. सूनबाई म्हणाली, पंचांगातली वेळ झाली, जेवा आता. मी म्हटलं, एवढं देवासमोर उभं राहून मागून घेतलंय, पहिल्याच दिवशी नुसत्या पंचांगातल्या वेळेवर भागवू? थांबते. खुर्ची टाकून बसले.

तेवढ्यात हृषीकेशचा फोन वाजला. अंकुरचा. बापाच्या फोनवर, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. हृषीकेश म्हणाला, चांगला खेळलास रे. एवढंच. मी हात पुढे केला, पण मला त्या फोनमधून कुठलं ऐकू येणार? तो माझ्या कानाशी वाकला आणि पोराचं एकेक वाक्य मोठ्याने मला सांगू लागला, अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. आई, तो म्हणतोय, मी आज दुपारी पोटभर जेवलो. आई, तो विचारतोय, तू जेवलीस का. मी म्हटलं, त्याला सांग, इथे चंद्र नाही.

तर हृषीकेश म्हणाला, आई, तो म्हणतोय थांब, मी गच्चीवर जातो.

आम्ही सगळे अंगणात तसेच उभे. फोनमधून जिना चढल्याचा आवाज येत होता म्हणे. मग हृषीकेश माझ्या कानाशी आला. म्हणाला, आई, तो म्हणतोय, इथे आभाळ मोकळं आहे. मला दिसतोय चंद्र. आजीला सांगा, मी तिच्यासाठी बघितला, हात पण जोडले. आता तिला जेवायला वाढा.

मी ढगांना हात जोडले. हृषीकेशने फोन सूनबाईच्या हातात दिला आणि स्वतः ताट वाढून आणलं. पहिला घास मी खाल्ला, हे ऐकेपर्यंत पोराने फोन ठेवला नाही.

तुझी,
इंदुआत्या